जेत्याचा किल्ला, जितांचे स्वप्न

अन्यायातून उभी राहिलेली वास्तू सुंदर असू शकते, हे डोळ्यांना मान्य असते. अडचण विवेकाची आहे. त्या सौंदर्याला दाद देताना आपण त्यामागील अन्यायालाही मूक संमती देतो काय? वायव्य वेल्समधील कार्नारवनचा किल्ला हा प्रश्न टाळू देत नाही.

डिसेंबर १२८२ मध्ये वेल्सचा अधिपती लेवेलिन मारला गेला. पुढच्याच वर्षी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने मेनाय सामुद्रधुनीच्या काठी हा किल्ला बांधावयास घेतला. काम १३३० पर्यंत चालले, वीस हजार पौंडांहून अधिक खर्च झाला, तरी ते अपुरेच राहिले. किल्ल्यालगत वसवलेले तटबंद नगर इंग्रज वसाहतकऱ्यांसाठी होते. वेल्श माणूस आपल्याच भूमीत तेथे परका ठरला.

केवळ धाक बसवावयाचा असता तर साधे तट पुरेसे होते. एडवर्डच्या अन्य वेल्श किल्ल्यांचे बुरूज बहुधा गोल आहेत. येथले मात्र बहुकोनी, आणि भिंतींत निराळ्या रंगाच्या दगडांचे पट्टे. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाशी असलेले त्यांचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जवळच सेगॉन्टियम हे रोमन ठाणे होते. शिवाय एका जुन्या वेल्श कथेत मॅक्सेन हा रोमन सम्राट नदीच्या मुखाशी रंगीबेरंगी बुरुजांचा किल्ला स्वप्नात पाहतो आणि ते स्वप्न याच परिसरात खरे ठरते. जेत्याने जितांची भूमी घेतली, तसे त्यांचे स्वप्नही घेतले आणि ते दगडात बांधून त्यांच्यासमोर उभे केले. येथे सौंदर्य हेच सत्तेचे शस्त्र झाले. म्हणूनच ‘मी केवळ कला पाहतो’ असे म्हणणारा रसिक वस्तुतः कलाही अर्धीच पाहत असतो.

मग अशी वास्तू पाडून टाकावी काय? १२९४ मध्ये मॅडॉगच्या बंडात वेल्श लोकांनी नगर व अपुरा किल्ला जिंकून जाळला. त्या क्षणी ते न्याय्यच होते. परंतु बंड मोडले, आणि डागडुजी होऊन तट पुन्हा उभे राहिले. १६६० मध्ये किल्ला पाडण्याचा हुकूम निघाला, तो अमलात आला नाही. ते बरेच झाले, असे आज वाटते. कारण वास्तू नष्ट झाली की अपराधाचा साक्षीदारही नष्ट होतो.

१९११ व १९६९ मध्ये ब्रिटिश युवराजांना ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणून विधिपूर्वक येथेच स्थानापन्न करण्यात आले. दुसऱ्या सोहळ्याला अनेक वेल्शांनी उघड विरोध केला. १९८६ मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशात स्थान दिले. दरम्यान एक गोष्ट निःशब्दपणे घडून गेली होती: ज्या नगरात वेल्श माणसाला थारा नव्हता, तेथील बहुसंख्य रहिवासी आज वेल्श बोलतात. त्यासाठी तटाचा एकही दगड हलवावा लागला नाही.

अर्थात जितांची भाषा टिकली, म्हणून जेत्याचा अपराध पुसला जात नाही. टिकून राहणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. सौंदर्याला दाद देणे हा दोष नाही. ती देताना विसरणे हा दोष आहे. कार्नारवनचे बुरूज पाहताना मान वर जाते, ती जावी. पण ते कोणाचे स्वप्न होते, याचे भान त्या क्षणीही सुटू नये.