कक्षा ३



आजच्या वाचनात गीतेच्या १७व्या अध्यायातला २०वा श्लोक आला. सात्त्विक दानाचा. द्यायलाच हवं म्हणून दिलेलं, ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही अशाला दिलेलं, आणि देश, काळ, पात्र बघून दिलेलं. कॉलेजपासून हा श्लोक वाचतोय आणि दर वेळी स्वतःला देणाऱ्याच्या जागी ठेवूनच वाचलाय. ती सवय २०२४च्या नोव्हेंबरमध्ये नेपाळात मोडली.

भाचीच्या शाळेची सेवा-सहल होती. नववीची १४ मुलं, दोन शिक्षिका, आणि सोबतीला कुणी पालक हवा म्हणून मी. (ऑफिसातून आठ दिवसांची रजा मिळवणं हीच खरी तपश्चर्या!) काठमांडूहून धुलिखेल, तिथून जीपने डोंगरातल्या एका गावातली शाळा. वर्गांना रंग द्यायचा आणि लहान मुलांना थोडं इंग्रजी शिकवायचं, असा बेत.

पहिले दोन दिवस रुळण्यातच गेले. घड्याळं १५ मिनिटं पुढे केली. फळ्यावर २०८१ साल बघून पोरं चक्रावली. तिथे विक्रम संवत चालतो. सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा भरलेली. सकाळी नुसता चहा आणि मग दहाच्या सुमाराला एकदम डाळभात, त्यामुळे आठ वाजल्यापासून आमच्यात बिस्किटांचा काळाबाजार. लिपी मात्र देवनागरीच. पाट्या धडाधड वाचता यायच्या, अर्थ निम्माच लागायचा. आणि गंमत म्हणजे नेपाळी 'च' आपल्या 'चमचा'तल्या 'च'सारखा, त्यामुळे उच्चारात आमची मराठी पोरं भाव खाऊन गेली. रात्री थंडीने आणि आईच्या आठवणीने दोघी-तिघी रडल्या. हे सगळं होतंच.

तिसऱ्या दिवशी भाची म्हणाली, "मामा, ही बारकी पोरं रोज व्हरांड्यात का बसतात रे?"

मला वाटलं होतं, उन्हासाठी बसत असतील. हेडसरांना विचारलं. ते हसले आणि हिंदीत म्हणाले, पाहुणे आहात, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. आमच्या मुली ज्या खोलीत झोपत होत्या, ती तिसरीची खोली होती. दारावर 'कक्षा ३' लिहिलेलं होतं. मी ते रोज वाचत होतो.

मग एकेक दिसायला लागलं. अंगावरच्या रजया गावातल्या घरांतून गोळा केलेल्या. आंघोळीच्या पाण्यासाठी स्वयंपाकाच्या दिदी पहाटे जास्तीचं सरपण आणत होत्या. आमच्या टीममध्ये नवा माणूस आला की पहिले काही दिवस तो सगळ्यांचं काम वाढवतोच. आम्ही त्याला ऑनबोर्डिंग म्हणतो आणि सोसतो, कारण तो पुढे दोन-तीन वर्षं राहणार असतो. इथे आमचं ऑनबोर्डिंग संपेपर्यंत परतीची जीप येणार होती.

त्या रात्री मुलांना बसवून हे सांगितलं. एक मुलगा हिशेबी आहे. म्हणाला, "प्रत्येकी ४५ हजार, म्हणजे सहा लाख तीस हजार. हे पैसेच पाठवले असते तर?" बाई म्हणाल्या, मग तुम्हाला हे बघायला मिळालं नसतं. तो पटकन म्हणाला, "म्हणजे आपण आपल्यासाठीच आलोय ना?" कुणीच काही बोललं नाही. परत गेल्यावर प्रत्येकाला सेवेच्या ४० तासांचं प्रमाणपत्र मिळणार होतं. पुढचाच श्लोक राजस दानाचा आहे, फळावर डोळा ठेवून दिलेल्या दानाचा. तो मी तिथे काढला नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना त्याने कशाला झोडपायचं? प्रमाणपत्राची कल्पना मोठ्यांची.

माझं मत विचाराल तर, स्वतःसाठी जाण्यात पाप नाही. शिकायला जावं की. पण शिकायला गेलेला विद्यार्थी गुरुजींची खोली अडवून बसत नाही. तो आधी विचारतो, कुठे बसू? आम्ही 'सेवा' हा शब्द घेऊन गेलो, म्हणून विचारलंच नाही. देणाऱ्याला कशाला विचारावं लागतं?

आणि त्या गावात श्लोकातलं दान कुणी केलं असेल, तर ते हेडसरांनी आणि दिदींनी. आमच्याकडून त्यांना काय परत मिळणार होतं? दोन भिंतींवरचे रंगाचे ओघळ. तरी एक गोष्ट मला अजून टोचते. खोली दिली सरांनी, पण सोसली तिसरीने. त्या मुलांना कुणी विचारलं होतं? दान आपल्या मालकीच्या वस्तूचंच करता येतं ना? सरांना हे म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्याच रजईत झोपून कुठल्या तोंडाने म्हणणार?

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरायच्या आत अंथरुणं गुंडाळून, बॅगा बाहेर काढून, झाडून खोली रिकामी करायची असं ठरलं. सर जरा दुखावले. पाहुण्यांना झाडू मारू दिला म्हणून गाव काय म्हणेल, असं म्हणाले. कदाचित आम्ही त्यांच्या दानाचा अपमानही केला असेल. तरीही केलं.

तिसरी आत आली. बाकांखाली काहीतरी शोधाशोध, खुसुखुसू हसणं. एक बारका मुलगा बाहेर आला, भाचीसमोर उभा राहिला आणि तिचा हरवलेला मोजा, नीट घडी करून, दोन्ही हातांनी तिला दिला.