एकच निरोप, अनेक शिवारं

वाशीम शहराला पाणी पुरवणाऱ्या एकबुर्जी धरणाच्या काठावर या. बसा.

मृगाच्या आधीचे दिवस आहेत. पाणी खाली गेलं आहे. वारा पडला आहे.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

एक खडा पाण्यात टाका.

वर्तुळ उठतं, रुंदावतं. चारी बाजूंना सारखंच जातं आणि जाता जाता विरत जातं.

आता दोन खडे. थोड्या अंतरावर, एकाच वेळी.

दोन वर्तुळं एकमेकांत शिरतात. उंचवट्यावर उंचवटा येतो, तिथे पाणी जास्त उचललं जातं. उंचवट्यावर खोलगट भाग येतो, तिथे पाणी जवळजवळ हलत नाही.

त्या न हलणाऱ्या जागेकडे पाहा. घाई नाही.

तिथे काहीच नाही असं वाटतं. खरं तर तिथून दोन लाटा चालल्या आहेत.

पाहत राहा.

आता मान वर करा. सोयाबीनसाठी नांगरून ठेवलेल्या रानापलीकडे मोबाइलचा टॉवर आहे. त्यावर उभे पॅनेल आहेत.

फाइव्ह-जीच्या अशा पॅनेलमध्ये लहान लहान अँटेना रांगांनी बसवलेल्या असतात. पुष्कळदा त्यांना ३२ किंवा ६४ वेगवेगळ्या वाटांनी सिग्नल दिला जातो. हा सिग्नल म्हणजेही लाटाच; ३३०० मेगाहर्ट्झला लाटेची लांबी साधारण ९ सेंटीमीटर.

तळहात समोर धरा. जवळपास त्या रुंदीची एक लाट. मग दुसरी. मग तिसरी. तुमच्या हातावरून, या पाण्यावरून, सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगानं.

श्वास घ्या.

पॅनेलमधल्या प्रत्येक अँटेनाची लाट शेजारच्या अँटेनाहून किंचित उशिरा सोडली, सेकंदाच्या एक अब्जांश भागाहूनही कमी उशिरानं, तर उंचवटे दुसऱ्याच जागी जुळतात. जिकडे ते जुळतात, तिकडे लाटांचा झोत. झोत वळतो. पॅनेल हलत नाही, वळतो तो फक्त झोत.

डोळे मिटा. तो झोत आधी एका शेताकडे जाऊ द्या. आता दुसऱ्या शेताकडे.

आणि आता, एकाच वेळी सगळ्यांकडे.

इथे थांबा. इथे जास्त वेळ थांबायचं आहे.

आभाळ काळं झालं आहे. वीज पडण्याचा इशारा आहे. एकच निरोप, आणि ऐकणारे अनेक. कुणी मालेगावच्या वाटेवर, कुणी रिसोडकडच्या रानात, कुणी टेकडीआडच्या खोलगट वावरात. प्रत्येकाच्या वाट्याला वेगळी हवा, वेगळी झाडं, पत्र्याच्या छपरांवरून परतणाऱ्या वेगळ्या लाटा.

टॉवरपाशी ताकद ठरलेली आहे. इकडे वाढवली की तिकडे कमी होते.

निरोप एकच असल्यानं त्याचा वेगही एकच. सर्वांत क्षीण ऐकू येणाऱ्याला जेवढं झेपेल, तेवढाच. त्याहून वेगानं बोललं तर जवळच्यांना सगळं कळतं, त्याला काहीच कळत नाही.

त्या एकाला मनात आणा. खोलगट वावरातला. त्याच्याजवळ थोडा वेळ राहा.

आज टॉवर बहुतेक वेळा एकेका फोनसाठी झोत वळवतो. एकाच निरोपासाठी सगळ्यांचा मिळून झोत कसा घडवावा, हा प्रश्न निकोलस सिडिरोपूलोस, टिमोथी डेव्हिडसन आणि झी-क्वान लुओ यांनी २००६ मध्ये मांडला. ठरल्या ताकदीत, सर्वांत कमी मिळणाऱ्याला जास्तीत जास्त कसं मिळेल? त्यांनी दाखवून दिलं की हा प्रश्न गणितातल्या अतिशय अवघड प्रश्नांच्या रांगेतला आहे. अचूक उत्तर दर वेळी झटपट काढून देईल अशी रीत कुणापाशी नाही. म्हणून अट थोडी सैल करायची आणि उत्तराच्या जवळ जायचं.

जवळ जाणंही पुष्कळ आहे, असं मला वाटतं. कमी मिळणाऱ्यापासून मोजायला सुरुवात करणारं गणित मला फार मोलाचं वाटतं.

पुन्हा श्वास घ्या.

आणि आता ऐका. झोत सोडण्याआधी टॉवर काय करतो?

टॉवर ऐकतो.

खिशातला फोन मधूनमधून एक ओळखीचा संकेत पाठवतो. त्याची ताकद सहसा फार तर वॅटचा पाचवा भाग. तो संकेत झाडांतून, भिंतींवरून, ओल्या हवेतून टॉवरच्या प्रत्येक अँटेनापर्यंत वेगवेगळा पोहोचतो. त्या फरकावरून टॉवरला वाट कळते. ज्या वाटेनं आवाज आला, त्याच वाटेनं उत्तर जातं.

तुम्हीही तसंच ऐका. जवळचा आवाज आधी येईल. येऊ द्या. त्यामागचा ऐका. मग त्याच्याही मागचा.

सर्वांत बारीक आवाज येईपर्यंत बसून राहा.

डोळे उघडा.

उठल्यावर एक काम करा. पेरणीआधी फोन हातात धरून आपल्या शिवारातून एकदा फिरा. रेंज कुठे जाते ते पाहून ठेवा. तिथे ज्यांचं वावर आहे त्यांना सांगा, आणि आभाळ भरून आलं की त्यांना हाक मारायला कोण जाईल, ते आताच ठरवा.