तारेचें पलीकडचें टोक

आपल्या हातून जी गोष्ट घडली नाहीं, परंतु आपल्या संमतीवांचून जी घडलीच नसती, तिची जबाबदारी आपणांवर कितपत येते, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न आहे. पशुवधाच्या दोषाची वांटणी करतांना मनुस्मृतीनें प्रत्यक्ष शस्त्र चालविणाऱ्याबरोबर अनुमति देणारा, विकत घेणारा आणि खाणारा हेही घातकच मानले आहेत. मांसाच्या बाबतींत हा न्याय पटण्यास अडचण पडत नाहीं, कारण खाटकाचें दुकान पेठेंतच असतें. परंतु घ्यावयाची वस्तु वीज असेल, ती परराज्यांतून तारेनें येत असेल, आणि अनुमति देणारें सरकार असेल, तर हा न्याय कोठपर्यंत लावावयाचा? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न ग्रंथांत न राहतां न्यायासनापुढें आला. म्हणून तेथील अनुभवाच्या आधारें त्याचा विचार करणें सोयीचें होईल.

त्या देशाच्या सीमेवरून विजेची तार न्यावयाची, तर राष्ट्राध्यक्षांचा परवाना लागतो. १९५३ सालीं अध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांनीं एका हुकुमानें तो देण्याचा अधिकार संघीय वीज आयोगाकडे सोंपविला. १९७८ सालच्या हुकुमानें तो ऊर्जामंत्र्यांकडे आला. परराष्ट्रमंत्री व संरक्षणमंत्री ह्या दोघांची अनुकूल शिफारस असावी लागते, आणि मतभेद झाल्यास प्रकरण अध्यक्षांपुढें जातें. ही काळजी अनाठायीं नाहीं. एका जाळ्यांतील बिघाड दुसऱ्यांत कांहीं क्षणांत पोंचतो. २००३ च्या ऑगस्टमध्यें ओहायो संस्थानांत सुरू झालेल्या बिघाडामुळें कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतासह सुमारें पांच कोटि लोक अंधारांत गेले. परवान्याची कसोटी मात्र एकाच शब्दांत सांगितली आहे: तार सार्वजनिक हिताशी सुसंगत असावी. आतां ह्या 'सार्वजनिक' शब्दांतले सर्व जन कोणते? खरी मेख तेथेंच आहे.

कॅलिफोर्नियांत २००० व २००१ ह्या सालीं विजेची मोठी टंचाई पडली. त्याच सुमारास सीमेपलीकडे, मेक्सिकोंतील मेक्सिकाली शहराजवळ, नैसर्गिक वायूवर चालणारीं दोन वीजकेंद्रें उभीं राहत होतीं. तेथील वीज उत्तरेस आणण्यासाठीं दोन तारमार्गांचे परवाने २००१ सालीं देण्यांत आले. अमेरिकेच्या हद्दींत हे मार्ग जेमतेम सहा मैलांचे. मध्यें वाळवंट, मनोरे उभारतांना त्रास होईल तो मुख्यतः तेथल्या चपट्या शेपटीच्या दुर्मिळ सरड्याला. एवढ्यावरून विशेष हानि नाहीं असा निष्कर्ष निघाला. परंतु सीमेजवळच्या एका नागरिक संघटनेनें न्यायालयांत विचारलें कीं, तार निरुपद्रवी असेल, पण तिच्या दुसऱ्या टोकाला जें धुराडें आहे त्याचें काय? इंपीरियल खोऱ्याची हवा आधींच दूषित आहे, तींत ह्या धुराची भर पडेल. केंद्रें थंड राखण्यासाठीं मेक्सिकालीचें सांडपाणी खर्ची पडेल, तितकें न्यू नदीचें पाणी घटेल, आणि ती ज्या साल्टन सरोवरास मिळते त्याचा खारेपणा वाढेल. २००३ सालीं सॅन डिएगो येथील संघीय न्यायालयानें हा आक्षेप बव्हंशीं मान्य केला. जें यंत्र ह्या तारेवांचून चालणारच नव्हतें त्याचा धूर हा तारेचाच परिणाम होय, आणि तो नीट न तपासतां दिलेला परवाना सदोष होय, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ आहे. पुढें २००४ सालीं सविस्तर अहवाल झाला, परवाने पुन्हां मिळाले, आणि तारा जागच्या जागीं राहिल्या.

येथवर पाहतां नीतीचा विजय झाला असें वाटेल. तथापि त्या अहवालास एक कुंपण होतें. मेक्सिकोच्या सरकारनें मंजूर केलेल्या कृत्याचे मेक्सिकोंतच होणारे परिणाम तपासणें हें आमचें कर्तव्य नव्हे, अशी ऊर्जाखात्याची भूमिका होती. म्हणजे एकाच धुराड्यांतून निघालेला धूर वाऱ्याबरोबर उत्तरेस गेला, तर कायद्यास दिसावयाचा. दक्षिणेस वळला, तर दिसेनासा व्हावयाचा! मेक्सिकालीच्या मुलाचें फुप्फुस आणि चार कोसांवरच्या अमेरिकन मुलाचें फुप्फुस ह्यांत शरीरशास्त्रास भेद ठाऊक नाहीं. परवान्याच्या कागदास मात्र तो ठाऊक होता.

ह्या भूमिकेच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहीं नाहीं असें नव्हे. मेक्सिको हें स्वतंत्र राष्ट्र आहे. त्यानें आपल्या भूमीवर काय उभारावें हें वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यानें ठरवूं लागावें, ह्यांत परोपकारापेक्षां पालकत्वाचा अहंकारच अधिक दिसेल. 'तुमचें हित आम्हांस अधिक कळतें' ही भाषा आपल्या देशानें दीडशें वर्षें ऐकली आहे. परंतु येथें दोन प्रश्नांची गल्लत होते. हें केंद्र उभारावें कीं नाहीं, हा मेक्सिकोचा प्रश्न. त्याची वीज आपण घ्यावी कीं नाहीं, हा घेणाऱ्याचा स्वतःचा प्रश्न. दुसऱ्याच्या घरांत शिरून चौकशी करणें वेगळें, आणि त्याच्याकडून माल घेण्यापूर्वीं आपल्याच मनाला विचारणें वेगळें. पहिल्यानें परक्याच्या सार्वभौमत्वास धक्का लागतो. दुसऱ्यानें केवळ आपल्या सोयीस लागतो, आणि पुष्कळदां दुसरा धक्का टाळण्यासाठींच पहिल्याची सबब पुढें केली जाते.

पलीकडच्या टोकाच्या माणसास परवान्यांत जागा नसली म्हणजे काय होतें, हें कॅनडाच्या क्वीबेक प्रांतांत दिसलें. जेम्स उपसागराच्या प्रदेशांत १९७१ सालीं मोठी जलविद्युत् योजना जाहीर झाली, तेव्हां तेथें पिढ्यान् पिढ्या शिकार व मासेमारी करणाऱ्या क्री व इन्यूइट लोकांस कोणी विचारलें नाहीं. ते न्यायालयांत गेले, त्यानंतर १९७५ सालीं करार झाला. परंतु बुडालेल्या जमिनींतून पारा माशांत उतरला, आणि मासा हेंच त्यांचें अन्न. पुढें ग्रेट व्हेल नदीवर दुसरी योजना निघाली, तिची वीज न्यूयॉर्क संस्थान घेणार होतें. तेव्हां १९९० सालीं हे लोक अर्धी क्री व अर्धी इन्यूइट घडणीची एक नाव घेऊन हडसन नदींतून वल्हवीत न्यूयॉर्क शहरास गेले व गिऱ्हाइकापुढें उभे राहिले. १९९२ सालीं न्यूयॉर्कनें करार सोडला, १९९४ सालीं क्वीबेकनें ती योजना बाजूस ठेवली. विजेची गरज घटली होती व सौदा महाग पडत होता, हींही कारणें होतींच. तरी ज्यांचें म्हणणें कोणत्याही कचेरींत घेतलें जात नव्हतें, त्यांस तें सांगण्यासाठीं नाव वल्हवावी लागली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तार ज्या जमिनीवरून जाते तेथल्या लोकांस निदान मत असतें. क्वीबेकची वीज मॅसॅच्युसेट्सला नेणाऱ्या मार्गाविरुद्ध २०२१ सालीं मेन संस्थानांतील बहुसंख्य मतदारांनीं कौल दिला. तो कौल न्यायालयांत टिकला नाहीं, हें खरें. परंतु तो घेतला तरी गेला. धरणाच्या मुळाशीं राहणाऱ्यास तेवढेंही नाहीं.

कोणी म्हणेल, तारेंतली वीज ओळखतां येत नाहीं. ती पाण्याची कीं कोळशाची, निर्मळ कीं सदोष, हें कोण सांगणार? परंतु राज्यांना जेव्हां ओळखावयाची असते तेव्हां ती ओळखतां येते. भारतानें नेपाळच्या विजेसंबंधीं केलेल्या नियमांचा रोख असा आहे कीं, जेथें चिनी भांडवल गुंतलें आहे तेथली वीज घ्यावयाची नाहीं. आणि २०२४ सालीं नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगला देशास जाऊं लागली, तीही अशाच परवानगीनें. ह्या धोरणाची योग्यायोग्यता येथें प्रस्तुत नाहीं. मुद्दा इतकाच कीं, भांडवलाचा माग जर तारेच्या मुळापर्यंत लावतां येतो, तर धुराचा आणि बुडालेल्या शिकारभूमीचा कां लावतां येऊं नये? संरक्षणमंत्र्यांचें मत अवश्य मानावयाचें आणि पलीकडच्या कोळ्याचें अप्रस्तुत ठरवावयाचें, हा भेद विजेच्या स्वभावांतून निघालेला नसून आपल्या आस्थेंतून निघालेला आहे.

ह्याचा अर्थ प्रत्येक खरेदीदारानें जगांतील सर्व अन्यायांचा भार शिरावर घ्यावा असा नव्हे. तसें केल्यास कोणासच दिवा लावतां येणार नाहीं, आणि जी वीज कोळशाचें जळण कमी करील तीही अडून राहील. मर्यादा हवीच. ती कोठें आंखावी हें त्या सॅन डिएगोच्या निर्णयानें न कळत सुचविलें आहे: आपल्या संमतीवांचून जें घडलें नसतें, तेवढें आपलें. राज्याची सीमा ही सत्तेची मर्यादा आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. परंतु संमतीचे परिणाम त्या सीमेवर थांबत नाहींत, तेव्हां जबाबदारीही तेथें थांबूं शकत नाहीं. परवाना देणाऱ्यानें पलीकडे हुकूम चालवूं नये. पण सही करण्यापूर्वीं तिकडे पाहावें, तिकडच्यांचें ऐकावें, आणि जें दिसलें तें कागदावर लिहावें. एवढें करूनही कधीं परवाना द्यावा लागेल. तेव्हां निदान तो कशाच्या मोबदल्यांत दिला हें देणाऱ्यास आणि दिव्याखालीं वाचीत बसलेल्या आपणां सर्वांस ठाऊक असेल.