बंडीचा आतला खिसा

आमचे आबा पंढरीला निघाले, की आई त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशाला वरून दोन टाके घालायची. बाहेरच्या खिशात तिकिटापुरते सुटे, बाकी सगळं छातीशी. मला कोडं पडायचं. वाटेत भेटेल त्याला ‘माउली’ म्हणायचं आणि खिसा मात्र शिवून घ्यायचा? मग विश्वास कुठं गेला?

उत्तर एसटीतच मिळायचं. आबा शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून निवांत झोपायचे, अनोळखी माणसाला आपल्यातली चतकोर भाकरी द्यायचे. ज्याचं पाकीट मागच्या खिशात फुगलेलं, तो मात्र रात्रभर प्रत्येकाच्या हाताकडं बघत बसायचा. आपलं नीट राखलं म्हणजे दुसऱ्याला चोर म्हटलं, असं नाही. उलट, तसं म्हणायची वेळच येत नाही. शिवाय अडल्यानडल्या माणसाची परीक्षा घेणारे आपण कोण?

आता नोटांच्या जोडीला कार्डं आली. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार मिळालं. २०१४ नंतर जनधनमुळं रुपे कार्ड वाडीवस्तीवर पोचलं. पण सगळीच बरोबर कशाला? प्रवासाला एटीएम, आधार आणि लायसन पुरे. चपट्या पाकिटात तिन्ही बसतात आणि पाकीट पुढच्या खिशात राहतं. पिन कागदावर नको, डोक्यात हवा. दुसरं एक कार्ड नि पाचशेची नोट पिशवीच्या तळाशी निराळी ठेवावी. एवढं केलं, की शेजारच्याला मोकळ्या मनानं विचारता येतं, “कुठल्या गावचं, पाव्हणं? पाऊसपाणी काय म्हणतंय?”