घ्या जी थोडंसं

शेजारचे काका-काकू हिवाळ्यात क्रूझला जाऊन आले. गोंदियाच्या माणसाला पाणी म्हटलं की आधी तलावच आठवतो, त्यामुळे चहूकडे नुसता समुद्र बघून काका हरखून आले असतील असं मला वाटलं होतं. पण समुद्र त्यांनी दोन वाक्यांत आटोपला आणि पुढचा अर्धा तास ते जेवणाच्या टेबलाबद्दल बोलले. आठ जणांचं गोल टेबल. त्यात हे दोघे आणि सहा अनोळखी. पहिल्या रात्री ज्यांच्याशी गाठ पडली, शेवटच्या रात्रीपर्यंत तेच.

"मग काय बोललात त्यांच्याशी?" मी विचारलं.

"काय बोलणार? मीठ सरकवलं."

ते मीठ माझ्या डोक्यातून जाईना. त्या टेबलावर कोणाचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. आठही जणांनी पैसे भरलेले, आठही जणांना जेवण कंपनीचं. तिथे "थोडं घ्या ना" म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? पंगतीत निदान यजमान असतो, सावकाश होऊ द्या म्हणत फिरतो. जहाजावर सगळेच पाहुणे, आणि नुसत्या पाहुण्यांची पंगत बसत नाही.

आमच्याकडे जहाज नाही, महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. सकाळी गोंदियाहून निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला टेकते. सुमारे साडेतेराशे किलोमीटर, आणि सगळे एकाच राज्यातले. धानाच्या बांध्यांतून सुटून कापूस, केळी, कांदा ओलांडत उसात शिरायचं. एवढ्या वाटेत दोन जेवणं आणि एक न्याहारी होतेच, आणि ती ज्यांच्यासोबत व्हायची त्यांची गाठ आरक्षणाच्या यादीने घालून दिलेली असते.

डबे साधारण वर्धा-पुलगावच्या दरम्यान उघडतात. त्याच्या आधी कोणाला भूक लागत नाही असं नाही, पण पहिलं झाकण कोणी काढायचं हा प्रश्न असतो. जो काढतो तो यजमान होतो. खालच्या बाकावर वर्तमानपत्र पसरतं, लोणच्याचा वास सुटतो आणि मग आमच्या भागातला तो लाघवी 'जी' येतो: "घ्या जी थोडंसं." समोरचा म्हणतो, "नाही जी, आत्ताच झालं." हे खोटं आहे हे दोघांनाही माहीत असतं. दुसऱ्यांदा आग्रह होतो, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा झाकणात दोन वडे येतात आणि ते झाकण रिकामं परत जात नाही. त्यात चिवडा येतो, संत्र्याच्या फोडी येतात. परतफेड म्हणावी तर हिशेब कोणी मांडत नाही. आणि मांडत नाही म्हणावं, तर रिकामं झाकण परत गेल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

मात्र या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो. गाव कोणतं हे विचारून झाल्यावर, सहज विचारल्यासारखा. "आडनाव काय जी?"

तो सहज नसतो. अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून जेवणं ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, त्यात खाऱ्या पाण्याइतकाच दोष जहाजावरच्या अन्नाचाही मानला जाई. कोणी रांधलं, कोणाच्या शेजारी बसून खाल्लं, हा खरा गुन्हा. आणि त्यासाठी जहाजच लागे असंही नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातल्या नामवंत मंडळींपुढे चहा आला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हा घाट घातला होता. काहींनी चहा प्यायला, काहींनी कपाला हातच लावला नाही. पुढे नावं छापून आली, जातबहिष्काराचं ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताचा विषय रानडे आणि टिळक दोघांच्याही दारात येऊन उभा राहिला. एका कपाने पुणं ढवळून निघालं. त्या काळात रेल्वेच्या डब्यात मात्र रोज शेकडो माणसं एकाच बाकावर बसत होती. तिकिटाला आडनाव कळत नव्हतं, म्हणून मग माणसं विचारू लागली असतील.

पण त्याच प्रश्नाचं दुसरं रूपही आमच्याच जिल्ह्यात आहे. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची जत्रा भरते. दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावच्या दिशेने माणसांची रांग लागते. आजूबाजूच्या राज्यांतूनही लोक येतात. तिथे कुळाची ओळख काढताना विचारतात, किती देवांचे? चार, पाच, सहा की सात? उत्तर जुळलं तर भाऊबंद, नाही जुळलं तर सोयरिकीला वाव. म्हणजे कसंही उत्तर आलं तरी काही ना काही नातं निघतंच. आमच्या आडनावाच्या प्रश्नाची रचना नेमकी उलटी. तो विचारला जातो तेव्हा झाकण अर्धवट पुढे आलेलं असतं, आणि उत्तर ऐकून ते थबकलेलं मी पाहिलं आहे. फार वेळा नाही. पण पाहिलं आहे, आणि एकदा तर हात आमच्याच घरातला होता.

आता आडनाव जरा कमी विचारतात. पण त्याच जागी दुसरं काही येऊन बसलंय. स्टेशनवर घोषणा होते, अनोळखी माणसाने दिलेलं खाऊ नका. ती खोटी नाही. गुंगीचं औषध घालून लुटल्याच्या घटना घडतात, त्यात भाबडेपणाला जागा नाही. गंमत एवढीच की पूर्वी समोरच्याच्या हातचं खाल्लं तर जात जाईल अशी भीती होती, आता बॅग जाईल अशी आहे. दोन्ही वेळी संशय अन्नावरच.

गेल्या महिन्यात भाची कोल्हापूरला निघाली. तिची आजी पहाटे चारला उठली आणि लाखोळीच्या डाळीचे वडे तळायला बसली. ही डाळ म्हणजे आमच्याकडचं जुनं दुखणं आणि जुना लाड. नुसती तीच रोज खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून १९६१ साली राज्यात तिच्या विक्रीवर बंदी आली आणि ती कित्येक वर्षं टिकली. आमच्या झाडीपट्टीत धानाच्या बांध्यांत ती पेरली जात राहिली आणि घरोघरी वडे तळले जात राहिले. आपल्या शेतातल्या डाळीवर आपला विश्वास होता. सरकारचा नव्हता.

मी डब्यात डोकावलो. एकटीला तीन वेळाही संपणार नाहीत इतके वडे.

"एवढे कशाला?"

"गाडीत चार माणसं असतात," आजी म्हणाली, आणि लगेच भाचीकडे वळून, "कोणाचं काही खाऊ नकोस बरं का."

स्वयंपाकघरात कोणालाच यात काही विसंगत वाटलं नाही. मलाही स्टेशनवरून परत येताना, गाडी गंगाझरीच्या पुढे गेली असेल तेव्हा लक्षात आलं. आपले वडे समोरच्याने विश्वासाने खावेत आणि समोरच्याची भाकर आपल्या पोरीने शिवू नये, असा तो डबा भरला होता. समोरच्या घरीही पहाटे चारला कोणीतरी असंच सांगून डबा भरला असणार.

दुपारी भाचीचा फोन आला. मागे चाकांचा खडखडाट होता.

"वडे किती उरले?" आजीने मधेच फोन घेऊन विचारलं.

"अजून सुरू आहेत," ती हसत म्हणाली. "समोरच्या काकू म्हणाल्या, आधी तू खा, मग मी घेते. म्हणून मी खाल्ला. मग त्यांनी त्यांची चटणी काढली, आणि मी म्हटलं, आधी तुम्ही."