छायाचित्र आणि उसना सूर

गेलेल्या माणसांचीं चित्रें घरांत कशीं ठेवावीं, याविषयीं आपल्याकडे शास्त्राचा नियम नसला तरी रूढीचा आहे. भिंतीवर खिळा, चित्राला हार, तिथीला गंध आणि क्षणभर जोडलेले हात, एवढ्यानें त्या माणसाच्या ऋणांतून आपण कांहीं अंशीं मोकळे झालों असें मानतों. अलीकडे या रूढींत एका नव्या उपचाराची भर पडली आहे. जुनीं छायाचित्रें एकत्र करून तीं एकामागून एक पडद्यावर सरकत ठेवावयाचीं आणि त्यांच्या जोडीला एखाद्या गीताचे अथवा वाद्याचे सूर लावावयाचे. खिशांतील मोबाइल हें काम आतां कोणी न सांगतांहि करतो. हें चांगलें कीं वाईट, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या मुळाशीं मृतांविषयींच्या आपल्या कर्तव्याचा प्रश्न आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

आमच्या आत्याबाईंच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या नातवानें अशीच एक चित्रमालिका तयार केली होती. जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळी दिवाणखान्यांत बसली. बांसरीचा संथ सूर सुरू झाला आणि परकरांतल्या, मग नऊवारींतल्या, मग जाड चष्म्याच्या आत्याबाई समोरून जाऊं लागल्या. सर्वांचे डोळे भरून आले, आमचेहि आले. परंतु घरीं परततांना आठवलें कीं, हीच बांसरी आम्हीं महिन्यापूर्वीं एका परिचितांकडे, निराळ्याच गृहस्थांच्या चित्रांबरोबर ऐकली होती, आणि तेव्हांहि आमचे डोळे असेच भरून आले होते. मग आम्ही रडलों तें कोणासाठीं? आत्याबाईंसाठीं, कीं बांसरीसाठीं?

चित्र आणि ध्वनि यांच्या प्रकृति भिन्न आहेत. १८३९ मध्यें दागेरची रीत जगापुढें आली, तेव्हां एक प्रतिमा उमटावयास कित्येक मिनिटें लागत, आणि तेवढा वेळ समोरची वस्तु निश्चळ असावी लागे. १८७७ मध्यें एडिसनच्या फोनोग्राफनें माणसाचा आवाज प्रथम परत ऐकविला. दोन्ही शोध काळाच्या हातून कांहींतरी सोडवून घेण्याचे खरे, परंतु त्यांच्या रीति परस्परविरुद्ध आहेत. चित्र काळाला थांबवितें, आणि थांबविल्यावरच तें चित्र होतें. सूर थांबविला कीं कांहींच उरत नाहीं. वाहत राहणें हेंच त्याचें जीवित. म्हणून चित्राला सूर जोडला कीं त्याला काळ मिळतो, पण तो सुराचा काळ असतो. एका मुखापुढें किती वेळ थांबावयाचें, केव्हां पुढें जावयाचें आणि कोठें गहिंवरावयाचें, हें सर्व मग सूर ठरवितो. मुक्या चित्रापुढें बसणाऱ्यास हें सारें स्वतःच करावें लागतें. आणि स्मरण करणें म्हणजे तरी याहून दुसरें काय आहे?

यावर कोणी म्हणेल कीं, चित्राला सुराची साथ देण्याची चाल कांहीं आजची नव्हे. १९१३ मध्यें दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनीं पाहिला आणि १९३१ मध्यें ‘आलम आरा’ बोलूं लागला. मधल्या मूकपटांच्या काळांत पडद्याजवळ तबला-पेटीची साथ होत असे, आणि त्यानें कोणाच्या भावनेस बाध आला नाहीं. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तथापि पडद्यावरील हरिश्चंद्राचें आणि प्रेक्षकाचें नातें कथेचें होतें. त्याला ओळखणारा, त्याच्या हातचा लाडू खाल्लेला असा त्या गर्दींत कोणी नव्हता. आत्याबाईंचें तसें नाहीं. त्यांच्याविषयीं आम्हांस काय वाटावें, हें शिकविण्यास तिऱ्हाइताची गरज पडावी, हीच लाजेची गोष्ट आहे.

मग उसना सूर टाकून त्या माणसाचा स्वतःचाच आवाज जोडावा काय? मिळत असेल तर अवश्य जोडावा. भास्करबुवा बखले १९२२ मध्यें वारले. त्यांचें छायाचित्र आहे, पण त्यांच्या गायनाची एकहि तबकडी नाहीं. त्या चित्राकडे कितीहि वेळ पाहिलें तरी त्यांतून एक तान निघत नाहीं. बुवांच्या गाण्याची जी कल्पना पुढच्या पिढीला आली, ती बालगंधर्व, मास्तर कृष्णराव अशा शिष्यांच्या गळ्यांतून आणि ऐकणाऱ्यांनीं सांगितलेल्या आठवणींतून. उलट १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें मुद्रित झालें, आणि गाण्याच्या अखेरीस त्यांनीं स्वतःचें नांव उच्चारून ठेवलें. याचें कारण व्यवहाराचें होतें. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार व्हावयाच्या असत. तेथील कारागिरांना गाणाऱ्याची ओळख पटावी म्हणून ही युक्ति. प्रत्यक्ष आवाजालाहि नांव सांगावें लागलें! छायाचित्राला तर तेवढीहि सोय नाहीं. त्याचें नांव दुसऱ्यानेंच सांगितलें पाहिजे.

येथें आम्हांस आत्याबाईंचा जुना आल्बम आठवतो. तो त्यांनीं कधीं कोणाला एकट्यानें पाहूं दिला नाहीं. मांडीवर घेऊन बसत आणि पानागणिक सांगत: हे तुझे पणजोबा, हा बैल मारका होता, ही ओसरी पुढें पडली. त्यांत एक चित्र पेटीवर बोटें ठेवून बसलेल्या एका तरुण बाईंचें होतें. “ही आमची थोरली जाऊ. पेटी छान वाजवी हो, पण सासऱ्यांना खपत नसे,” असें म्हणून त्या एक चाल गुणगुणत आणि मग पान उलटीत. आम्हीं हें निदान वीस वेळां ऐकलें असेल. बांसरीच्या मालिकेंतहि तें चित्र होतें. चार पळें थांबून तें सरकलें. त्या रात्रीं आम्हीं ती चाल आठवून पाहिली. आत्याबाई गुणगुणत एवढेंच आठवलें. काय गुणगुणत, तें कांहीं केल्या आठवेना. ध्वनि टिपून घेणारें यंत्र वर्षानुवर्षें आमच्या खिशांत होतें, आणि ‘पुन्हां एकदां म्हणा’ एवढे शब्द आमच्या तोंडून निघाले नव्हते.

घरगुती छायाचित्राला स्वतःचा असा एक ध्वनि असतो, आणि तो म्हणजे तें दाखविणाऱ्याचा आवाज, असें आमचें मत या अनुभवानें झालें आहे. तो आवाज गेला कीं चित्र मुकें होतें, आणि आणखी एका पिढीनें तें अनोळखी होतें. दोष बांसरीचा नाहीं. जेथें आपण बोलावयास हवें तेथें ती वाजते, आणि आपण गप्प राहिल्याचें आपल्या ध्यानींहि येऊं देत नाहीं, एवढेंच आमचें गाऱ्हाणें आहे.

आम्हीं नातवाला भीत भीत सुचविलें कीं, बांसरी काढून टाकावी. तो म्हणाला, “मग ऐकूं काय येईल?” प्रश्न रास्त होता. पुढच्या रविवारीं आम्ही दोघे आल्बम घेऊन काकांकडे गेलों. काकांचें वय अठ्ठ्याऐंशी. एकसष्ट चित्रांपैकीं त्रेचाळिसांतील माणसें त्यांनीं ओळखलीं. तीं नांवें आम्हीं चित्रांमागें पेन्सिलीनें लिहिलीं, आणि नातवानें काकांचें बोलणें मध्येंच येणाऱ्या खोकल्यासह टिपून घेतलें. पेटीवाल्या बाईंच्या चित्रापाशीं ते बराच वेळ थांबले. चाल त्यांनाहि आठवली नाहीं. पण त्या बाईंचें माहेरचें नांव त्यांना ठाऊक होतें, आणि तें त्यांनीं दोनदां उच्चारलें.