स्वल्पविरामाआधीची जागा

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी काही वर्षं भरतीचं काम पाहत होतो. स्टोअरमध्ये एक जागा निघाली, तेव्हा शिरूर तालुक्यातल्याच एका मुलाचा इंग्रजी अर्ज आला. प्रत्येक स्वल्पविरामाच्या आधी त्यानं जागा सोडली होती आणि पुढचा शब्द मात्र चिन्हाला चिकटवला होता. एके ठिकाणी तर स्वल्पविराम नव्या ओळीच्या तोंडाशीच जाऊन बसला होता. मी अर्ज पुरता न वाचताच बाजूला ठेवला. ज्याला एवढं कळत नाही, तो मालाच्या नोंदी काय ठेवणार, असं मनाशी म्हटलं.

आज वाटतं, मी चूक पाहिली की माणूस तोलला?

नियम निरर्थक नाही. इंग्रजीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम आधीच्या शब्दाला चिकटून येतात, जागा त्यांच्यानंतर सुटते. संगणकाला जागा दिसली की तिथं ओळ तोडायची मुभा मिळते. म्हणून आधी सोडलेली जागा चिन्हाला त्याच्या शब्दापासून तोडते आणि वाचणारा अडखळतो. वाचणाऱ्याला अडखळू न देणं हे सौजन्य आहे, आणि ते शिकावंच.

पण सौजन्य वेगळं, लायकी वेगळी. फ्रेंच लोक प्रश्नचिन्हाआधी जागा सोडतात. पॅरिसच्या पत्रात ती दिसली असती, तर मी ‘त्यांची पद्धत’ म्हटलं असतं. टाइपरायटरवर मी स्वतः पूर्णविरामानंतर दोन जागा सोडायला शिकलो; आज ती सवय जुनाट ठरते, पण म्हणून मला कुणी अडाणी म्हणत नाही. घोडनदीला छावणी होती त्या काळात इंग्रजांनी आमच्या गावाचं नावच ‘सिरूर’ असं लिहिलं. त्यांचाही अर्ज कुणी बाजूला ठेवला नाही.

आमच्या घरी जमिनीचं एक मोडी खत आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जायची. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. तशाच लिहिण्यावर वतनं ठरली, कज्जे मिटले, राज्य चाललं. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. १८४७चा इंग्रजी-मराठी कोश त्यांचाच. म्हणजे ज्या चिन्हावरून मी माणूस पारखला, ते आमच्या दारी येऊन दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

शिवाय वहीला स्पेसबार नसतो. स्वल्पविराम कुठे द्यायचा हे शाळा सांगते. त्याच्या मागे-पुढे किती जागा सोडायची, हे सहसा कुणी सांगत नाही. मला ते टायपिंगच्या क्लासात कळलं, कारण वडिलांना क्लासची फी परवडत होती. म्हणजे मी त्या मुलाची अक्कल तपासत नव्हतो. त्याच्या बापाचा खिसा तपासत होतो.

मग चुका चालवून घ्यायच्या का? नाही. मुद्रितशोधकाची जागा असती, तर तोच अर्ज नाकारणं रास्त होतं, कारण ते त्या कामाचंच अंग आहे. स्टोअरच्या नोंदींना लागतो तो हिशेब आणि प्रामाणिकपणा. त्याचा अंदाज कदाचित अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदात आला असता, आणि मी तिथवर पोचलोच नव्हतो. माझ्या मते कसोटी साधी आहे: जो नियम माणसाला कधी सांगितलाच नाही, त्यावर त्याला गुपचूप नापास करू नये. आधी सांगावं, मग पाहावं. सांगायला दोन मिनिटं लागतात. ‘बाळा, जागा चिन्हाच्या नंतर सोडायची,’ एवढंच.

पुढे मी अर्ज शेवटपर्यंत वाचू लागलो, आणि अशी चूक दिसली की मुलाखतीच्या शेवटी ती दाखवू लागलो. बहुतेक पोरं हसून म्हणत, ‘हे कुणी सांगितलंच नव्हतं, सर.’

त्या पहिल्या मुलाला मात्र मी काहीच कळवलं नाही. त्याचं नावही आता आठवत नाही. त्याचा स्वल्पविराम तेवढा लक्षात राहिला आहे.